तिनं सोडलेले गुरुवार

‘तिच्या हाताला यश आहे’ हे वाक्य आमच्या लॅबमध्ये मी इतक्यांदा ऐकलं, की पुढेपुढे कुणी नुसतं ‘हात’ म्हटलं तरी माझं डोकं उठायचं. सर म्हणायचे, चहा आणणारे मामा म्हणायचे, हिशेब तपासायला आलेला एक गृहस्थसुद्धा म्हणून गेला, ज्याला आम्ही तिथं नेमकं काय करतो हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मी एकटीनं ते कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. मी काय पाहिलं तेवढं सांगते.

आम्ही कोंबडीच्या पिल्लाच्या मेंदूतल्या पेशींची वीज मोजत होतो. कानाकडून आलेला निरोप मेंदूत सगळ्यांत आधी ज्यांच्या हाती पडतो, त्या पेशी. हे वाक्य मी पेठेतल्या नातेवाइकांना इतक्या मुंजी-लग्नांत ऐकवलं आहे, की पुढचे प्रश्नही मला पाठ आहेत. पहिला, याचा उपयोग काय. दुसरा, मग तुझं लग्नाचं काय. दुसऱ्याचं उत्तर कधी देता आलं नाही. पहिल्याचं सोपं होतं. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. त्या किंचित फरकावरून पक्षी आवाजाची दिशा ओळखतो. म्हणजे त्याच्या मेंदूतल्या या पेशी वेळेच्या बाबतीत भलत्याच काटेकोर असणार. त्या तशा कशामुळे असतात, त्यांच्या अंगातली वीज कशी वागते, हे आम्हाला बघायचं होतं.

बघायची रीत अशी. अंड्यातून बाहेर यायला एखाद-दुसरा दिवस उरलेलं पिल्लू घ्यायचं. त्याच्या मेंदूच्या बुडाकडच्या भागाच्या पातळ चकत्या करायच्या आणि प्राणवायू सोडलेल्या खारट पाण्यात त्या जिवंत ठेवायच्या. मग सूक्ष्मदर्शकातून बघत बघत काचेची एक नळी, जिचं टोक केसाहून कितीतरी बारीक, एका पेशीला नेऊन टेकवायची. नळीच्या मागच्या बाजूला जोडलेली रबरी ट्यूब तोंडात धरायची आणि हलकेच श्वास आत ओढायचा. पेशीची कातडी काचेला घट्ट चिकटली तर ‘सील लागलं’ म्हणायचं. नाहीतर नळी फेकायची, नवी घ्यायची, नवी पेशी शोधायची. श्वास जास्त ओढला की पेशी फुटते, कमी ओढला की चिकटत नाही. किती ओढायचा ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी सगळी पुस्तकं वाचली होती.

माझं पहिलं सील लागायला वर्ष गेलं. तिचं पहिल्या दिवशी लागलं.

ती यवतमाळकडची. ठेंगणी, डोक्याला चपचपीत तेल, अंगात भावाचा असावा असा सैल शर्ट. लॅबच्या दारात चपला काढून अनवाणी आत आली. मला वाटलं, देवळात आल्याचा भाव असेल. तसं काही नव्हतं. आमचं मोजायचं टेबल म्हणजे स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेली कडप्प्याची फरशी होती. परदेशी टेबल मंजूर होऊन कागदावरच राहिलं होतं. जरा कुणी दार आपटलं तरी नळी थरथरायची. सरांनी तिला चपलांबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, “टेबल हालून राह्यलं का नाही, ते पायाले समजते सर.” सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. “हरकत नाही. धुऊन येत चला,” एवढंच म्हणाले.

तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी सकाळभर तिला सगळं समजावलं आणि चार-पाच पेशी तिच्यादेखत फोडल्या. ती स्टुलावर बसून मन लावून बघत होती. मग म्हणाली, “मले करू दे ना वं एकडाव.” मी ट्यूब पुसून तिच्या हातात दिली. तिनं ती तोंडात धरली, चाकं फिरवत नळी खाली नेली, थोडी थांबली, आणि पडद्यावरची उंच रेघ खाली येऊन सपाट झाली. तिनं ट्यूब तोंडातून काढली.

“यालेच लागलं म्हनतेत का?”

“हो,” मी म्हणाले.

“मंग एवढं काय त्यात?” असं ती म्हणाली असती तर मला तिचा राग धरून मोकळं होता आलं असतं. ती तसं काही म्हणाली नाही. ती खुशीत हसली, उठून तिनं मला पुन्हा खुर्चीवर बसवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पडदा बघत उभी राहिली. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. मला तो झटकावासा वाटला होता.

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांत मौल्यवान गोष्ट म्हणजे गुरुवार. मागच्या भिंतीला लागून एक वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं ठिणगी उडाली की आमच्या पडद्यावर झुरळं पळाल्यासारख्या रेघा पळायच्या आणि त्यात पेशीचा इवलासा आवाज बुडून जायचा. गुरुवारी दुकान बंद. त्या काळी पुण्यात कारखाने, वर्कशॉपं सगळी गुरुवारी सुट्टी घ्यायची. नवे विद्यार्थी समजायचे की आम्ही दत्तभक्त आहोत, म्हणून गुरुवारी इतक्या लवकर येऊन गप्प बसतो. यंत्र एकच होतं आणि मी सीनियर असल्यामुळे सगळे गुरुवार माझे होते. माझा प्रबंध त्या गुरुवारांवर उभा राहायचा होता.

ती आल्यावर काही महिन्यांतच सरांनी गुरुवार तिला दिले. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की इतर दिवशी वेल्डिंगमुळे मला काही मिळत नाही. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “इतके दिवस त्यासुद्धा इतर दिवशीच सीलं लावत होत्या. वेल्डर तोच होता ना?” मी तिच्याशी बोलणं बंद केलं. हे तिच्या लक्षात यायला आठवडा लागला, कारण ती स्वतःच दोघींच्या वाटचं बोलायची. लक्षात आलं तेव्हा ती डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि ठेचा पुढे सरकवत म्हणाली, “घे ना तू गुरवार. मले काय, कोन्ताबी वार चालते.”

मी घेतले. मानी माणसानं घेतले नसते, पण मानी माणसाचा प्रबंध पुरा होत नाही. मात्र त्या दिवसापासून प्रत्येक गुरुवारी त्या खुर्चीत बसताना मला ती जागा कुणीतरी बसमध्ये उठून दिल्यासारखी वाटायची. आणि बुधवारी, शुक्रवारी, मागे ठिणग्या उडत असताना ती आत बसून एकामागून एक सीलं लावायची. हे कसं जमतं ते बघायला मी एकदा मुद्दाम थांबले. ती काही वेळ नुसती बसून राहिली, ट्यूब दातांत धरून, पाय फरशीवर टेकवून. मागचा आवाज थांबला की तिची नळी खाली जायची. तिनं त्या वेल्डरशी ओळख काढली होती. जोड झाला की तो हातोडीनं वरची खपली पाडतो, मग काच वर करून बघतो, मग विडी पेटवतो, हे सगळं तिला ठाऊक होतं आणि तेवढ्या वेळात ती आपलं काम उरकायची. मी त्याच दुकानावरून रोज नाकाला ओढणी लावून जात होते. मला त्या माणसाचा चेहराही सांगता आला नसता.

तिच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे शिक्षा होती. रविवारी ती मंडईत जायची आणि मला ओढून न्यायची. भाजी घ्यायला नव्हे. मधोमध उभी राहायची, डोळे मिटायची, एका कानात बोट घालायची आणि ओरडणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडे दुसऱ्या हातानं बोट दाखवत सुटायची. मग कानातलं बोट बदलायची. एका कानानं दिशा किती चुकते ते तिला बघायचं असे. मी डोळे उघडे ठेवून ती बरोबर की चूक ते सांगायचं. त्या मंडईत माझ्या आजोबांपासूनची ओळख. काकडीवाल्या बाईंनी बराच वेळ हा प्रकार बघितला आणि म्हणाल्या, “डोळे मिटून भाव कमी होत नाही हो इथं.” मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ती डोळे न उघडता म्हणाली, “मावशी, अजून एकडाव बोला.”

अंडी लोणी काळभोरच्या पुढच्या एका उबवणी केंद्रातून यायची. ती आणायचं काम कुणालाच नको असायचं, ती मात्र हौसेनं जायची. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसनं आणायची. एकदा हडपसरला बस बंद पडली. ऊन मी म्हणत होतं, गोधडी उबदार, आणि अंडी तर अगदी भरत आलेली. दुसरी बस मिळेपर्यंत तिच्या मांडीवर टकटक सुरू झाली आणि स्वारगेट यायच्या आत गोधडीतून एक ओलं पिल्लू डोकं काढून ओरडायला लागलं. कंडक्टर येऊन उभा राहिला. म्हणाला, “अंड्याला तिकीट नाही. कोंबडीला आहे. तुम्ही सांगा हे काय आहे ते.” तिनं गंभीरपणे सांगितलं की आत्तापर्यंत अंडं होतं, तिकीट या स्टॉपपासून पुढचं धरा. कंडक्टरनं हिशेब केला आणि म्हणाला, “राहू द्या. बसू द्या मांडीवर.” ही गोष्ट तिनं लॅबमध्ये सांगितली तेव्हा सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सरांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि मी त्यांच्याकडे तिच्यापेक्षा दोन वर्षं आधी आले होते. ते पिल्लू तिनं कापू दिलं नाही. ते गच्चीवर वाढलं आणि सरांच्या व्याख्यानाच्या वेळी आरवू लागलं.

बाकीची मात्र ती कापायची. आधी अंडं कानाला लावायची. बाहेर यायच्या आधी पिल्लू आतून चिवचिवतं, ते ऐकायची आणि विचारायची, “काऊन रे बाबू, आयकू येऊन राह्यलं का?” मग दोन मिनिटं गप्प, आणि मग कात्री. मला हे सोंग वाटायचं. सोंग नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. मेंदूतल्या बहुतेक पेशींना आपण बाहेरून वीज देत राहिलो की त्या टपटपटप ठोके देत राहतात, वीज बंद करेपर्यंत. एका बुधवारी ती धावत आली आणि मला हाताला धरून यंत्रापाशी घेऊन गेली. सरांना सांगायच्या आधी मला. “हे पाह्य वं. एकडाव बोलली अन् चूप बसली.” पडद्यावर लांबलचक वीज दिलेली दिसत होती आणि तिच्या अगदी सुरुवातीला एकच सुबक ठोका. पुढे सपाट रेघ.

“मरत असेल पेशी,” मी म्हणाले.

“मरत असंल तर दुसरी पाहू,” ती म्हणाली. तिला माझ्या बोलण्यातली खोच कळलीच नाही. तिनं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या एकदा बोलून गप्प. मग मीच तिला सांगितलं असं का होत असणार ते, कारण ते मला वाचून माहीत होतं. पेशी जागी झाली की तिच्या कातडीतली काही दारं लगेच उघडतात, त्यांतून पोटॅशियम बाहेर पळतं आणि पेशी पुन्हा शांत होते. म्हणून ती आवाज सुरू झाल्याची वेळ सांगते आणि नंतर बडबड करून ती वेळ पुसून टाकत नाही. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. पुढच्या बैठकीत सरांनी तिचं कौतुक केलं, तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली की हे मला हिनं समजावून सांगितलं, नाहीतर मला काही कळलं नसतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तिनं माझं श्रेय लाटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

सरांच्या ओळखीच्या एका परदेशी लॅबमध्ये एका विद्यार्थ्याला जागा मिळणार होती. मी इथं आले त्या दिवसापासून मला तीच जागा हवी होती. दुसरं काही नको होतं. आईनं मावशीच्या मैत्रिणीकडून लोकरीचा कोटसुद्धा मागून आणून ठेवला होता. सरांनी तिचं नाव पाठवलं. मी घरी जाऊन कोट परत देऊन टाक म्हणून सांगितलं आणि दोन दिवस आजारी पडले. खरीच पडले, ताप होता.

आणि जायची वेळ जवळ आली तेव्हा ती सॉफ्टवेअर कंपनीत लागली.

ती वर्षंच तशी होती. चौकाचौकात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, दोन हजार साल उजाडल्यावर जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून जो बरं गणित करेल त्याला कंपन्या उचलत होत्या. आमच्या लॅबमधला पेशींचे ठोके टिपणारा प्रोग्राम तिनंच लिहिला होता, तेवढ्यावर तिला घेतलं. प्रबंध अर्धा टाकून ती निघाली. सर त्या दिवशी चहा प्यायले नाहीत. मीच तिच्यावर ओरडले. म्हटलं, वेडी आहेस का, लोक यासाठी जीव टाकतात आणि तू हे असं सोडून चाललीस? ती चपला घालत होती. “तेबी मजाच हाय ना वं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “अन् तुले जायाचं होतं ना?”

या दोन वाक्यांतलं खरं कारण कुठलं, हे मी पुष्कळ वर्षं ठरवत बसले आहे. पहिलं असेल तर मी जिच्यासाठी तापानं फणफणले ती गोष्ट तिला एका खेळण्याएवढी होती. दुसरं असेल तर गुरुवारांसारखी ती जागाही तिनं मला उठून दिली. दोन्हींतलं एकही मला सोसत नाही.

तिच्या जागी मी गेले. तिथल्या माझ्या टेबलावर तिच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती. घाईत बदलायची राहिली होती. ती मी नखानं खरवडून काढली, तरी डिंकाचा डाग शेवटपर्यंत राहिला. तिथले मुख्य गृहस्थ पहिल्या भेटीत माझ्या पायांकडे बघून हसले आणि म्हणाले, अनवाणी काम करतात त्या तुम्हीच ना? सरांनी फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, नाही, मी बूट घालते.

मी नेटानं शिकले. सील लावायला शिकले, रोज, कुठल्याही वारी. निबंध छापून आले. परत येऊन पुण्यातच माझी स्वतःची लॅब झाली. हवेवर तरंगणारं परदेशी टेबल आलं. वेल्डिंगच्या दुकानाच्या जागी काचेची इमारत उभी राहिली आणि आता गुरुवारी कुणाला सुट्टी नसते. माझे विद्यार्थी माझ्या हाताबद्दल काही बोलत नाहीत. माझ्या शिस्तीबद्दल बोलतात.

मध्यंतरी तिचा फोन आला. हिंजवडीतली नोकरी सोडली होती, दुसरी धरायच्या आधी थोडी मोकळी होती. बघायला येऊ का म्हणाली. दुपारी आली. केस पांढरे झाले होते, तेल तेवढंच. इकडची-तिकडची चौकशी झाल्यावर मीच म्हटलं, बसतेस का जरा यंत्रावर? माझ्या मनात काय होतं ते स्पष्टच सांगते. तिला सील लागू नये, एवढंच होतं. एकदा, माझ्या डोळ्यांदेखत, त्या हाताला अपयश यावं. त्यासाठी मी त्या दिवशीच्या माझ्या चकत्या तिच्यापुढे ठेवल्या.

आणि सील लागलं नाही. तिचा सराव सुटला होता. बोटं थोडी कापत होती, नळी पेशीला टेकायच्या ऐवजी खुपसली जात होती. पहिली पेशी फुटली, दुसरी फुटली. तिसरी चिकटल्यासारखी झाली आणि सुटली. मी मागे उभी होते. इतका आनंद मला कुठलाही निबंध छापून आल्यावर झाला नव्हता. तासाभरात तिनं सगळ्या चकत्या संपवल्या. मी पुढे होऊन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं जे दिसायला हवं होतं, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते, ते बघायला.

ती हसत होती. केस सुटले होते, ट्यूब अजून दातांत होती, गाल लाल झाले होते. “हेबी फुटली वं,” ती म्हणाली, आणि ट्यूब काढून माझ्याकडे वळली. “अजून एखादं अंडं हाय काय?”

उबवणीच्या पेटीत एकच उरलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या माझ्या कामासाठी ठेवलेलं. मी ते काढून तिला दिलं आणि स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले. त्या खुर्चीत मी कितीतरी वर्षं बसले आहे, आणि शेवटची चकती संपली की मला दर वेळी सुटल्यासारखंच वाटत आलं आहे. अजून एखादं अंडं आहे का, असं मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. तिला तेव्हाही सील लागत नव्हतं, आणि तिचा इतका मत्सर मला आधी कधी वाटला नव्हता.